'थँक यू': ड्युरॅन ड्युरॅनच्या फसलेल्या कव्हर अल्बमचं प्रकरण

२००६ मध्ये 'क्यू' या ब्रिटिश संगीत मासिकाने आजवरच्या पन्नास सर्वांत वाईट अल्बमांची यादी छापली आणि पहिला नंबर दिला ड्युरॅन ड्युरॅन या ब्रिटिश पॉप बँडच्या 'थँक यू'ला, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी स्वतः गाऊन केलेल्या कव्हर अल्बमला. अल्बम तेव्हा अकरा वर्षांचा झाला होता. एरवी तो हळूहळू विसरला गेला असता, पण या यादीने त्याच्यावर जो शिक्का मारला तो आजतागायत पुसला गेलेला नाही. ज्यांनी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही, त्यांनाही तो 'सर्वांत वाईट' म्हणून ठाऊक असतो.

अल्बम फसलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण समीक्षकांनी तो झोडपताना दोन वेगळे आरोप एकात कालवले. पहिला आरोप असा की गाणी वाईट बांधली आहेत. दुसरा असा की ही गाणी म्हणणारे तुम्ही कोण? पहिला बराचसा खरा आहे. दुसरा बराचसा अन्यायाचा आहे. हे दोन्ही एकमेकांपासून सोडवले, तर अल्बम नेमका कुठे घसरला आणि कुठे चांगला तरला, ते स्वच्छ दिसतं.

आधीची परिस्थिती

बँड बर्मिंगहॅमचा, १९७८ सालचा. कीबोर्डवर निक ऱ्होड्स, बासवर जॉन टेलर, गिटारवर अँडी टेलर, ड्रम्सवर रॉजर टेलर (तिघे टेलर, पण नात्यातले कुणी नाहीत) आणि १९८० मध्ये येऊन मिळालेला गायक सायमन ल बॉन. १९८२ च्या 'रिओ'ने त्यांना जगभर नेलं. एमटीव्ही नुकतं सुरू झालं होतं, आणि श्रीलंकेतली जंगलं, अँटिग्वाच्या समुद्रातली शिडाची नौका, भारी सूट अशी त्यांची व्हिडिओतली दुनिया त्या वाहिनीला हवीच होती. राजकन्या डायनाचा हा आवडता बँड. चाहत्यांमध्ये शाळकरी मुली प्रचंड संख्येने. आणि ही शेवटची गोष्ट ब्रिटिश संगीत साप्ताहिकांच्या कायम डोळ्यांत खुपली. मुली किंचाळतात म्हणजे संगीत उथळच असणार, हा हिशेब तिथे वर्षानुवर्षं चालला. जॉन टेलरचा बास कान देऊन ऐकण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अँडी आणि रॉजर बाहेर पडले. फ्रँक झॅपाच्या तालमीत तयार झालेला गिटारवादक वॉरन कुकुरुलो आत आला. १९९० चा 'लिबर्टी' साफ पडला आणि बँड संपल्यात जमा झाला. मग १९९३ मध्ये, लग्नाचे जुने फोटो मुखपृष्ठावर असल्यामुळे 'वेडिंग अल्बम' या नावाने ओळखला जाणारा अल्बम आला, आणि त्यातल्या 'ऑर्डिनरी वर्ल्ड'ने सगळं पालटलं. अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत, ब्रिटनमध्ये सहाव्या. पाठोपाठ 'कम अन्डन' अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत. आपल्याकडे केबल नवीन असताना ज्यांनी इंग्रजी गाण्यांच्या वाहिन्या पाहिल्या, त्यांच्या कानात 'ऑर्डिनरी वर्ल्ड'ची सुरुवातीची गिटार अजून असेल.

इतकं मोठं पुनरागमन झाल्यावर पुढचा अल्बम कुठला करायचा? त्यांनी स्वतःची नवी गाणी न करता, ज्यांच्यामुळे आपण घडलो त्यांना मानवंदना देणारा कव्हर अल्बम करायचं ठरवलं. तसं कव्हर करणं त्यांना नवीन नव्हतं. १९८१ मध्येच डेव्हिड बोवीचं 'फेम' त्यांनी एका सिंगलच्या मागच्या बाजूला घेतलं होतं. 'वेडिंग अल्बम'मध्येही व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं 'फाम फताल' होतं, आणि त्यावरून कुणी गहजब केला नव्हता. एखादं कव्हर अल्बमात खपून जातं. अख्खा अल्बम कव्हरांचा केला की प्रत्येक गाण्यामागे मूळ गाणं तुलनेसाठी उभं राहतं, आणि निवडीलाच मताचं वजन येतं.

काळही त्यांच्या बाजूचा नव्हता. निर्व्हाना या बँडचा गायक कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये गेला होता. ब्रिटनमध्ये ब्लर आणि ओएसिस या बँडांनी रान उठवलं होतं. संगीत खरं हवं, रस्त्यावरचं हवं, अशी हवा होती. त्या हवेत १९९५ च्या वसंतात 'थँक यू' बाजारात आला.

गाण्यांची निवड

यादी वाचली की छाती दडपते. लू रीड, बॉब डिलन, लेड झेपेलिन, द डोअर्स, इग्गी पॉप, एल्व्हिस कॉस्टेलो, स्लाय अँड द फॅमिली स्टोन, द टेम्पटेशन्स, मेली मेल, पब्लिक एनिमी. अमेरिकी आणि ब्रिटिश संगीताच्या तीन दशकांतली नावाजलेली मंडळी एकाच रांगेत.

माझ्या मते दुखणं या यादीतच आहे, आणि ते यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही यात जास्त आहे. ड्युरॅन ड्युरॅनचं संगीत कुठून आलं हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्यांना सेक्स पिस्टल्स आणि शीक यांचं मिश्रण व्हायचं होतं. एकीकडे पंकची धार, दुसरीकडे न्यूयॉर्कच्या डिस्कोचा बास. वरून बोवी आणि रॉक्सी म्युझिकचा थाट. शीकच्या नाइल रॉजर्सने १९८४ मध्ये 'द रिफ्लेक्स'चा रीमिक्स करून त्यांना अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं आणि पुढे 'नोटोरियस'ची निर्मितीही केली. एवढं ऋण उघड असताना आभाराच्या अल्बमात शीक नाही, रॉक्सी म्युझिक नाही. बोवीचं 'डायमंड डॉग्ज' त्यांनी ध्वनिमुद्रित केलं होतं, पण ते गेलं जपानमधल्या आवृत्तीत जादा गाणं म्हणून. मुख्य अल्बमात बोवीला जागा नाही, आणि पब्लिक एनिमीला आहे.

ही निवड बघून वाटतं की बँडने आभार मानण्याऐवजी प्रतिष्ठा मागितली. ज्या समीक्षकांनी पंधरा वर्षं त्यांना सुंदर चेहऱ्याचे पोरगे म्हणून हिणवलं, त्यांच्याच देव्हाऱ्यातले देव त्यांनी आणून मांडले. सलग चांगली गाणी लिहिणाऱ्या, जगभर खपणाऱ्या लोकांनाही ही भूक लागावी याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांना त्याची गरज नव्हती. आणि समीक्षक याने खूश होणार नव्हतेच. आपले देव दुसऱ्याच्या हातात बघून ते जास्तच चिडले.

एक-एक गाणं

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो '९११ इज अ जोक'ने. मूळ गाणं पब्लिक एनिमी या अमेरिकी रॅप गटाच्या १९९० च्या 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट'मधलं, फ्लेव्हर फ्लेव्हने म्हटलेलं. अमेरिकेत ९११ हा मदतीचा क्रमांक. काळ्या वस्तीतून हा नंबर फिरवला तर रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, माणूस मरून जातो, ही त्यातली तक्रार. फ्लेव्हरची तऱ्हा विदूषकाची, पण हसता हसता तो जे सांगतो ते भयंकर आहे. पाठीमागे बॉम्ब स्क्वॉड या निर्मात्यांनी रचलेला, इतर ध्वनिमुद्रणांतून कापून घेतलेल्या तुकड्यांचा (सॅम्पल्सचा) दाट गोंगाट आहे, आणि त्या गोंगाटातच वस्तीतली घुसमट आहे.

ड्युरॅन ड्युरॅनने हा गोंगाट काढून टाकला आणि जागी आणली स्लाइड गिटार, सैलसर ठेका, अमेरिकी दक्षिणेतल्या ब्लूजचा बाज. कल्पना म्हणून यात काही गैर नव्हतं. ब्लूज आणि रॅप यांचं नातं जुनं आहे, आणि एखाद्या कलावंताला ते उलगडून दाखवता आलं असतं. पण ल बॉन ते शब्द अशा आवाजात टाकतो की त्याला त्यांच्याशी काही देणंघेणं आहे असं जाणवत नाही. त्याच्या देशात मदतीचा नंबर ९११ नाही, ९९९ आहे. गाणं त्याच्या गावचं नाही, आणि ते आपल्या गावी आणण्याचा त्याने प्रयत्नही केलेला नाही. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये १९८१ आणि १९८५ मध्ये दंगली झाल्या होत्या. पोलीस आणि काळी वस्ती यांच्यातला ताण त्यांच्याच शहरात होता. त्याचा धागा पकडला असता तर या गाण्याला पाय फुटले असते. इथे समीक्षकांचे दोन्ही आरोप लागू पडतात, आणि मी त्यांच्या बाजूने उभा राहतो.

'वॉचिंग द डिटेक्टिव्ह्ज'चं झालेलं नुकसान वेगळ्या प्रकारचं आहे. कॉस्टेलोचं १९७७ चं गाणं रेगेच्या ठेक्यावर दातओठ खात चालतं. शब्दांत खून आहे, दूरचित्रवाणीसमोर बसलेली थंड मुलगी आहे. ड्युरॅनच्या हाती ते गुळगुळीत, बसल्या जागी डोळे मिटवणारं झालं. झेपेलिनचं 'थँक यू' हे रॉबर्ट प्लांटने बायकोसाठी लिहिलेलं गाणं, त्यांनी जपून गायलं आणि जपण्यातच अर्धं घालवलं. 'ले लेडी ले', 'क्रिस्टल शिप' यांच्याबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. चूक काही नाही, पण मूळ गाणं सोडून हे का ऐकावं याला उत्तरही नाही.

'बॉल ऑफ कन्फ्युजन'बद्दल मात्र दोन शब्द. टेम्पटेशन्सचं १९७० चं हे गाणं १९८२ मध्ये ब्रिटिश इलेक्ट्रिक फाउंडेशन या शेफील्डच्या मंडळींनी टीना टर्नरकडून सिंथेसायझरवर गाऊन घेतलं होतं. तेव्हा तिची कारकीर्द थांबल्यासारखी होती, आणि त्या यंत्रांच्या कडक, थंड आवाजाशेजारी तिचा गळा पेटून उठला. सिंथेसायझरच्या लोकांनी सोल संगीताला हात घातला तर काय घडू शकतं याचा तो नमुना होता, आणि तो ड्युरॅन ड्युरॅनच्या पिढीनेच घालून दिलेला होता. त्यांनी स्वतः हे गाणं करताना निक ऱ्होड्सच्या यंत्रांना मागे ठेवलं, गिटार पुढे आणली आणि नेहमीचं रॉक वाजवलं. अल्बमभर हेच होतं. दुसऱ्याचे कपडे अंगावर चढवले, पण आपल्या मापाने शिवून घेतले नाहीत.

आता जिथे जमलं तिथे येऊ. 'व्हाइट लाइन्स' हे मेली मेल या रॅपरचं १९८३ चं गाणं, कोकेनच्या विरोधातलं. त्यात रस्त्यावरचा पोरगा तुरुंगात जातो आणि चोवीस किलोसकट पकडलेला उद्योगपती जामिनावर सुटतो, हा संताप आहे. नौकांवर सूट घालून फिरणाऱ्या बँडने हे गावं याची समीक्षकांना चीड आली. पण कोकेन या बँडला ऐकीव नव्हतं. जॉन टेलरने पुढे आपल्या आत्मचरित्रात व्यसनाबद्दल मोकळेपणाने लिहिलं. शिवाय हे गाणं उभं आहे बासच्या एका फिरत्या ओळीवर, आणि बास हे तर जॉनचं हक्काचं मैदान. खुद्द मेली मेल आणि ग्रँडमास्टर फ्लॅश ध्वनिमुद्रणात सामील झाले, म्हणजे ज्यांचं गाणं त्यांना हे चाललं होतं. ते ब्रिटनमध्ये सतराव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि बँडने पुढे कित्येक वर्षं ते मैफलींत वाजवलं. गर्दी उभी राहून नाचते अशा मोजक्या गाण्यांत ते जाऊन बसलं.

'पर्फेक्ट डे' हे माझ्या मते अल्बमातलं सर्वांत चांगलं काम, आणि नीट न ऐकता झोडपलं गेलेलंही. लू रीडच्या १९७२ च्या 'ट्रान्सफॉर्मर'मधलं हे गाणं बोवी आणि मिक रॉन्सन यांच्या निर्मितीतलं आहे. रॉन्सनचा पियानो आणि व्हायोलिनांची चढती लाट ही त्याची ओळख. बागेत बसून सांग्रिया पिणं, प्राणिसंग्रहालय, मग सिनेमा आणि घर. एवढाच दिवस. पण शेवटी जसं पेराल तसं उगवेल ही ओळ पुन्हा पुन्हा येते आणि त्या सुंदर दिवसाखाली काहीतरी काळं आहे हे कळतं.

ल बॉनची सवय सूर ताणून, वर फेकून गाण्याची. इथे तो ती आवरतो. कडव्यांत आवाज जवळजवळ बोलण्याइतका खाली ठेवतो आणि ध्रुवपदातही सोडून देत नाही. रीडने कोरड्या आवाजात जे लपवलं ते ल बॉन मऊ आवाजात लपवतो, आणि ऱ्होड्सचे कीबोर्ड रॉन्सनच्या व्हायोलिनांची नक्कल न करता त्यांच्याजागी धुक्यासारखे पसरतात. हेच ते, अल्बमात इतरत्र हरवलेलं, ड्युरॅन ड्युरॅनचं स्वतःचं घराणं. लू रीड स्वतःच्या गाण्यांबाबत फटकळ आणि कडक म्हणून प्रसिद्ध होता. आपल्या गाण्यांच्या पुन्हा केलेल्या ध्वनिमुद्रणांत हे कदाचित सर्वोत्तम असावं, असं त्याने म्हटलं. सिंगल मात्र ब्रिटनमध्ये अठ्ठाविसाव्या क्रमांकावर थांबलं.

पुढे १९९६ मध्ये 'ट्रेनस्पॉटिंग' या चित्रपटातून मूळ गाणं नव्या पिढीपर्यंत पोचलं. १९९७ मध्ये बीबीसीने बऱ्याच गायकांना एकेक ओळ देऊन ते केलं आणि धर्मादाय कामासाठी विकलं, तेव्हा ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. या गाण्याचे दिवस येणार हे ड्युरॅन ड्युरॅनने त्याआधी ओळखलं होतं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ते कुणी दिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

अधिकाराचा प्रश्न

कव्हर अल्बमांना त्या काळात एकूणच शिव्या बसत होत्या. गन्स एन' रोझेसने नोव्हेंबर १९९३ मध्ये 'द स्पॅगेटी इन्सिडंट?' काढला. त्यात पंकची गाणी होती, पण शेवटी चार्ल्स मॅन्सनचं एक गाणं लपवून ठेवलेलं निघालं आणि सगळी चर्चा त्या खुन्याभोवती फिरली. तिथे लोकांचा राग निवडीवर होता. गन्स एन' रोझेसला पंक गाण्याचा अधिकार आहे का, असं कुणी विचारलं नाही.

'थँक यू' आला त्याच सुमारास, मार्च १९९५ मध्ये, ॲनी लेनॉक्सचा कव्हर अल्बम 'मेडुसा' आला. समीक्षकांनी त्याचंही फारसं कौतुक केलं नाही, पण ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. तिने एक शहाणपणा केला होता. 'नो मोअर आय लव्ह यूज' हे तिचं गाजलेलं गाणं मुळात द लव्हर स्पीक्सचं, १९८६ चं आणि फारसं कुणाला न आठवणारं. तुलनेला मूळ गाणं लोकांच्या कानात नव्हतं, आणि गाणं तिचंच झालं.

आणखी मागे गेलो तर रॉक्सी म्युझिकचा ब्रायन फेरी भेटतो, म्हणजे ड्युरॅन ड्युरॅनचा मानसगुरूच. त्याने १९७३ मध्ये डिलनचं 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' उचललं आणि त्या गंभीर, इशारा देणाऱ्या गाण्याला नाटकी, ठसकेबाज रूप दिलं. डिलनला त्याने आपल्या दिवाणखान्यात आणलं. तो डिलनच्या अंगणात जाऊन उभा राहिला नाही. डिलन गाण्याचा अधिकार फेरीला कुणी दिला नव्हता, त्याने तो गाण्यातून मिळवला. 'पर्फेक्ट डे' आणि 'व्हाइट लाइन्स'मध्ये ड्युरॅन ड्युरॅननेही तो मिळवला होता. म्हणून 'पॉप बँडने हे गाऊच नये' हा समीक्षकांचा सरसकट सूर मला पटत नाही. कुणी गावं यापेक्षा कसं गायलं हे मोजायला हवं होतं. '९११' त्या मोजमापात नापास होतं, 'पर्फेक्ट डे' चांगल्या गुणांनी पास होतं. 'क्यू'च्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाने दोघांना एकाच मापाने मोजलं.

आणि सर्वांत वाईट? कंटाळून, पैशासाठी, मन न लावता केलेले अल्बम दुकानांत ढिगाने होते. 'थँक यू'मध्ये धाडस आहे, चुकीच्या जागी केलेलं का असेना. 'लिबर्टी' हा त्यांचाच अल्बम मला याहून कमकुवत वाटतो, पण त्याच्यावर यादी करावी इतका कुणाला राग आलाच नाही.

पुढे काय झालं

अल्बम ब्रिटनमध्ये बाराव्या आणि अमेरिकेत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे तो साफ बुडाला नाही. पण 'ऑर्डिनरी वर्ल्ड'ने मिळवून दिलेली दोन वर्षांची पुण्याई त्यात खर्ची पडली. नवी गाणी येईपर्यंत १९९७ उजाडलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला जॉन टेलर बाहेर पडला. त्यानंतरचा 'मेडाझालँड' त्यांच्या कंपनीने ब्रिटनमध्ये काढलाच नाही, मायदेशात त्यांना दुकानात जागा मिळाली नाही. सगळा दोष कव्हर अल्बमाचा म्हणता येणार नाही. जॉन व्यसनाशी झगडत होता, आणि बाजारही बदलला होता. पण चढाच्या वेळी घेतलेला तो फाटा महागात पडला, असं माझं मत आहे. २००१ मध्ये मूळचे पाचही जण पुन्हा एकत्र आले, २००४ चा 'ॲस्ट्रोनॉट' गाजला, आणि २०२२ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं.

२०२३ मध्ये त्यांनी कव्हरांना पुन्हा हात घातला. 'डान्स मकाब्र' हा अल्बम हॅलोविनच्या भयरंगात केलेला आहे. नवी गाणी, स्वतःच्या जुन्या गाण्यांची नवी रूपं आणि कव्हरं असा तिथे मिलाफ आहे. निवड बघा. सुझी अँड द बॅन्शीजचं 'स्पेलबाउंड', टॉकिंग हेड्सचं 'सायको किलर', सेरोनचं 'सुपरनेचर' हे डिस्को, आणि शेजारच्या कॉव्हेंट्रीच्या द स्पेशल्सचं 'घोस्ट टाउन', ज्या गाण्यात १९८१ च्या बेकारीने ओस पडलेली मिडलंड्सची शहरं आहेत. म्हणजे त्यांच्याच पिढीचे, त्यांच्याच मुलखातले, त्यांच्याच नाचाच्या फरशीवरचे लोक. 'सायको किलर'मध्ये बासवर मोनेस्किन या इटालियन बँडची व्हिक्टोरिया दे अँजेलिस पाहुणी म्हणून आहे, निकचे कीबोर्ड पुढे आहेत, आणि ल बॉन कुणाचा आव आणत नाही. या वेळी समीक्षकांनीही हात सैल सोडला. कुणाला ऐकायचंच असेल तर मी म्हणेन, आधी 'स्पेलबाउंड' ऐका आणि लगेच '९११ इज अ जोक' लावा. नंतर 'पर्फेक्ट डे'.